फुगवायची स्लीपिंग मॅट कशी निवडायची? आर-व्हॅल्यू, डेनियर आणि टिकाऊपणा सोप्या मराठीत



डिसेंबर जवळ आला की आपल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर दोनच विषय असतात. केदारकंठाला कोण कोण येतंय आणि सामान काय काय घ्यायचं. बूट, जॅकेट, स्लीपिंग बॅग यांवर भरपूर चर्चा होते. मॅटचा विषय मात्र "कुठलीही घे रे, खाली अंथरायचीच तर आहे" एवढ्यावर संपतो. मग आपण फोनवर शॉपिंग ॲप उघडतो आणि समोर येतं: "आर-व्हॅल्यू ४.५, ३० डेनियर रिपस्टॉप नायलॉन, टीपीयू लॅमिनेशन, जाडी ७.६ सेंमी". यातलं बहुतेकांना फक्त जाडी कळते. म्हणून आपण सगळ्यात जाड दिसणारी मॅट घेतो आणि बर्फावर रात्रभर कुडकुडतो.

या लेखात मी एकच गोष्ट पटवून देणार आहे. फुगवायच्या मॅटमध्ये आराम, ऊब आणि टिकाऊपणा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आराम जाडीतून येतो, ऊब आर-व्हॅल्यूतून येते आणि टिकाऊपणा कापडातून, जोडांतून आणि तुमच्या हाताळणीतून येतो. एक चांगली असली म्हणून बाकीच्या दोन चांगल्या असतीलच असं नाही.

स्लीपिंग मॅट नेमकं काय काम करते?

पाठीला दगड टोचू नयेत एवढंच मॅटचं काम आहे असं वाटतं. खरं मोठं काम दुसरंच आहे: तुमच्या अंगातली उष्णता जमिनीत जाऊ न देणं.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी स्लीपिंग बॅग आहे ना? आहे, पण ती वरच्या बाजूने. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे. आपण झोपलो की आपल्या वजनाने खालचा भराव चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि खालच्या बाजूने बॅग जवळपास चादरीसारखी होते. म्हणून तर स्लीपिंग बॅगचं तापमान ठरवणारी प्रमाणित चाचणीसुद्धा खाली मॅट ठेवूनच करतात. म्हणजे बॅगवर "उणे १०" लिहिलेलं असलं, तरी त्या आकड्यात चांगली मॅट गृहीत धरलेली असते. मॅट कमकुवत असेल तर महागडी बॅगही तो आकडा गाठणार नाही.

मॅटचे तीन मुख्य प्रकार

१. फोमची मॅट. आपण जिला कॅरीमॅट म्हणतो ती. यात हवेचे लाखो छोटे बंद कप्पे असतात. स्वस्त, हलकी, पंक्चरची भानगड नाही. तोटा एवढाच की गुंडाळी मोठी होते, सॅकच्या बाहेर बांधावी लागते आणि कुशीवर झोपणाऱ्यांना खालचे दगड जाणवतात.

२. स्वतःहून फुगणारी मॅट. आत उघड्या कप्प्यांचा स्पंज आणि बाहेरून हवाबंद कापड. व्हॉल्व्ह उघडला की स्पंज फुलतो आणि हवा आत ओढतो. ही कल्पना बाजारात आली ती १९७२ साली, अमेरिकेतल्या सिएटल शहरात, 'थर्म-ए-रेस्ट' या नावाने. कंपनी सांगते ती गोष्ट मजेशीर आहे. बोइंगमधून नोकरी गेलेल्या इंजिनिअरपैकी एक जण बागकाम करताना फोमच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसला होता. दाबल्यावर फोममधून हवा बाहेर जाते हे त्याच्या लक्षात आलं. ती हवा आतच कोंडली तर? या प्रश्नातून ही मॅट तयार झाली.

३. फुगवायची मॅट, म्हणजे एअर मॅट. हिच्यात मुख्यतः हवाच असते. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होते, फुगवली की सात-आठ सेंटीमीटर जाड. आज सगळ्यात जास्त मागणी हिला आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही हिच्याबद्दलच आहेत. आपला आजचा विषय हीच.

आर-व्हॅल्यू म्हणजे काय?

आर म्हणजे रेझिस्टन्स, विरोध. उष्णतेला पलीकडे जायला मॅट किती विरोध करते याचा हा आकडा. आकडा जितका मोठा, तितकी मॅट उबदार.

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची. त्यामुळे एका कंपनीची ४ आणि दुसऱ्या कंपनीची ४ यांची तुलनाच व्हायची नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम्पिंग मॅटसाठी 'एफ३३४०' नावाची चाचणी ठरवली आणि २०२० पासून मोठ्या ब्रँडनी तिचे आकडे छापायला सुरुवात केली. चाचणी समजायला सोपी आहे. मॅट फुगवून एका गरम आणि एका थंड प्लेटमध्ये ठेवतात. वरची प्लेट साधारण अंगाएवढी गरम ठेवायला किती वीज लागते ते मोजतात. वीज कमी लागली तर मॅट चांगली.

म्हणून खरेदी करताना नुसती आर-व्हॅल्यू बघू नका, तिच्यासोबत "एएसटीएम एफ३३४०" लिहिलंय का तेही बघा. मॅटच्या पानावर आर-व्हॅल्यूच नसेल आणि फक्त "अमुक डिग्रीपर्यंत उबदार" एवढंच असेल, तर त्या दाव्याची दुसऱ्या मॅटशी तुलना करता येत नाही.

आणखी एक कामाची गोष्ट: आर-व्हॅल्यूची बेरीज होते. २ ची मॅट आणि तिच्यावर ३ ची मॅट म्हणजे जवळपास ५. ही बेरीज पुढे आपल्या खूप उपयोगी पडणार आहे.

जाड मॅट म्हणजे उबदार मॅट?

नाही. हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या मेगापिक्सेलसारखं आहे. आकडा मोठा म्हणून फोटो चांगला येईलच असं नाही ना, तसंच.

उदाहरण बघा. 'क्लायमिट स्टॅटिक व्ही' ही लोकप्रिय साधी एअर मॅट साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास जाड आहे आणि तिची आर-व्हॅल्यू १.३. 'थर्म-ए-रेस्ट झेड लाइट सोल' ही घडीची फोम मॅट फक्त २ सेंटीमीटर जाड, पण आर-व्हॅल्यू २. म्हणजे तिपटीहून जास्त जाड असलेली मॅट कमी उबदार! दुसरी जोडी त्याच कंपनीच्या दोन एअर मॅटची. 'निओएअर एक्सलाइट एनएक्सटी' आणि 'एक्सथर्म एनएक्सटी' या दोन्ही ७.६ सेंटीमीटर जाड आहेत. पहिलीची आर-व्हॅल्यू ४.५, दुसरीची ७.३. जाडी तीच, ऊब वेगळी.

असं का होतं? हवा तर उष्णतेची वाईट वाहक आहे असं आपण शाळेत शिकलो. ते बरोबरच आहे. साडेसहा सेंटीमीटर हवा अगदी स्थिर असती आणि उष्णता फक्त त्या हवेतूनच जात असती, तर हिशेबाने आर-व्हॅल्यू १५ च्या घरात गेली असती. प्रत्यक्षात येते १.३, कारण उष्णतेला आणखी दोन वाटा मिळतात.

पहिली वाट किरणांची. उन्हात उभं राहिल्यावर जसं अंग तापतं, तशीच मॅटची गरम वरची बाजू थंड खालच्या बाजूकडे अवरक्त किरण सोडत असते. त्यांना मधली हवा अडवतच नाही. साध्या एअर मॅटमध्ये बहुतेक उष्णता याच वाटेने जाते. दुसरी वाट हलणाऱ्या हवेची. तुम्ही कूस बदलता तेव्हा आतली हवा इकडून तिकडे ढकलली जाते आणि जाताना उष्णताही घेऊन जाते.

म्हणून चांगल्या मॅटमध्ये कंपन्या आत काहीतरी भरतात:

१. चमकदार फिल्मचे थर. ही फिल्म किरण परत फिरवते. जितके थर जास्त, तितक्या वेळा उष्णता अडते. हलक्या आणि महाग मॅटमध्ये ही पद्धत दिसते. काही मॅट कूस बदलताना चिप्सच्या पाकिटासारख्या कुरकुरतात, त्याचं कारण हेच.

२. कृत्रिम तंतूंचा भराव. उशीत असतो तसा. आवाज येत नाही, वजन थोडं वाढतं.

३. पिसांचा भराव. खूप उबदार, पण आत ओल गेली की काम बिघडतं. अशा मॅट तोंडाने फुगवायच्या नसतात.

मॅटच्या वर्णनात यातलं काहीच नसेल, फक्त "जाड आणि मऊ" असेल, तर ती उन्हाळ्याची मॅट आहे असं समजा.

कुठल्या ट्रेकला किती आर-व्हॅल्यू?

बाहेर सर्वसाधारणपणे वापरतात ते टप्पे आपल्या ट्रेकना लावून सांगतो:

• २ पेक्षा कमी: उन्हाळा, कोकण किनारा, मे महिन्यातलं भंडारदऱ्याचं काजवे-कॅम्पिंग.

• २ ते ४: हिवाळ्यातला सह्याद्री, हिमालयातले उन्हाळी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे कमी उंचीचे मुक्काम.

• ४ ते साडेपाच: गोठणबिंदूच्या खाली जाणाऱ्या रात्री.

• साडेपाचच्या वर: बर्फावर मुक्काम, कडक हिवाळा.

केदारकंठाचं शिखर साधारण ३,८०० मीटर उंच आहे आणि हिवाळ्यात वरचे मुक्काम बर्फातच असतात. तिथे १.३ ची मॅट एकटी पुरणार नाही. पण म्हणून लगेच पंधरा-वीस हजारांची मॅट घ्यायलाच हवी असंही नाही. मघाची बेरीज आठवा. साधी एअर मॅट १.३ आणि खाली फोमची २ म्हणजे ३.३. एअर मॅट ३ ची असेल तर दोन्ही मिळून ५. बऱ्याच हिमालयन ट्रेकमध्ये आयोजक मॅट देतातच. बुकिंगच्या वेळी त्यांना एक मेसेज टाकून विचारा: मॅट फोमची की हवेची, आर-व्हॅल्यू किती, आणि माणशी एक की दोन? उत्तर बघून मगच खरेदी करा.

वजनाच्या बाबतीत थंडी वाजणाऱ्यांनी थोडी सूट घ्या. दोन माणसांना एकाच मॅटवर सारखी ऊब वाटत नाही. ज्यांना घरीही फॅन एकवर लागतो, त्यांनी एक टप्पा वरची मॅट घ्यावी.

टिकाऊपणा कशावरून ओळखायचा?

डेनियर: हे धाग्याच्या जाडीचं माप आहे. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे ३० डेनियरचा ९ किलोमीटर धागा फक्त ३० ग्रॅमचा! वजन कमी करायला हलक्या मॅटमध्ये २० ते ४० डेनियरचं कापड वापरतात. ७० किंवा ७५ डेनियरचं कापड घासण्याला आणि टोचण्याला जास्त दाद देत नाही, पण वजन वाढतं. खालची आणि वरची बाजू वेगळ्या डेनियरची असू शकते. वर उल्लेख केलेल्या एक्सथर्ममध्ये खाली ७० आणि वर ३० डेनियर आहे. तुम्हाला बघायचा आहे तो खालचा आकडा.

रिपस्टॉप: कापड नीट बघितलं तर त्यात बारीक चौकटी दिसतात. थोड्या थोड्या अंतरावर जाड धागा विणलेला असतो. त्यामुळे भोक पडलं तरी ते फाटत पुढे जात नाही. भोक पडायचं मात्र थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

टीपीयूचा थर: कापड ताकद देतं, हवा धरून ठेवतो तो त्याच्या आतल्या बाजूचा प्लास्टिकचा पातळ थर. चांगल्या मॅटमध्ये तो टीपीयूचा असतो. स्वस्त जाड गाद्यांमध्ये पीव्हीसी असतं. ते जड असतं, थंडीत कडक होतं आणि वर्षांनंतर घडीवर चिरतं.

आतले जोड: मॅट फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते, कारण वरचं आणि खालचं कापड आतून ठिकठिकाणी जोडलेलं असतं. हे जोड उष्णतेने चिकटवलेले असतात. भोक दुरुस्त होतं, पण आतला जोड सुटला तर मॅटवर टेंगूळ येतं आणि शेजारचे जोडही एकेक करून सुटायला लागतात. ते घरी दुरुस्त होत नाही. म्हणून वॉरंटीमध्ये जोड सुटणं धरलंय का, हे नक्की वाचा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

व्हॉल्व्ह: हवा आत घेताना बाहेर न सोडणारा एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर फुगवणं सोपं जातं. हवा सोडायला वेगळं मोठं तोंड असेल तर सकाळी घडी दोन मिनिटांत होते. व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी हवा हळूहळू जाते, त्यामुळे मॅट गळायला लागली की आधी व्हॉल्व्ह तपासा.

रात्री मॅट मऊ झाली म्हणजे पंक्चर झाली का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं.

तोंडाने फुगवलेली हवा साधारण ३४ डिग्रीची असते. टेन्टमध्ये १० डिग्री असेल तर ती थोड्या वेळात १० वर येते. हवा थंड झाली की आकसते. हिशेब केला तर साधारण ८ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण हे टक्के वातावरणाच्या दाबासकट मोजलेले आहेत. तोंडाने फुगवलेल्या मॅटमध्ये बाहेरच्यापेक्षा जादा दाब असतो तोच जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे नुसत्या गारठ्याने टणक मॅट लुळी पडू शकते, एकही भोक नसताना.

उपाय सोपा आहे. मुक्कामाला पोचल्यावर आधी मॅट फुगवा. मग चहा, जेवण, गप्पा होऊ द्या. झोपण्याआधी चार-पाच फुंकरा आणखी मारा. शिवाय नवीन मॅटचं कापड पहिल्या काही वेळा थोडं ताणतं, त्यामुळेही ती मऊ वाटते.

हाच हिशेब उलटा केला की मॅट मरण्याचं एक मोठं कारण कळतं. सकाळी २० डिग्रीला घट्ट असलेली मॅट बंद टेन्टमध्ये किंवा उन्हात तशीच पडली आणि ६० डिग्रीपर्यंत तापली, तर आतला एकूण दाब १४ टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो. कापड थोडं ताणतं म्हणून सगळा भार जोडांवर येत नाही, तरी त्यांच्यावरचा ताण नेहमीच्या कितीतरी पट होतो. वर उन्हाने जोडाचा चिकटपणाही मऊ पडतो. म्हणून उठल्यावर पहिलं काम: व्हॉल्व्ह उघडा.

मॅट खरंच कशाने खराब होते?

काटे आणि कुसळं. आपल्या सह्याद्रीत करवंदाचे आणि बाभळीचे काटे आहेतच, पण हिवाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळं त्यांच्याहून त्रासदायक. मोज्यात घुसतात तशीच ती कापडात घुसतात आणि एवढं बारीक भोक पाडतात की डोळ्यांना दिसत नाही. मॅट अंथरण्याआधी जागेवरून हात फिरवा आणि टेन्टच्या आतही आधी एक पातळ शीट किंवा कॅरीमॅट टाका. टेन्टमध्ये शिरताना मोजे झटका.

गुडघा आणि कोपर. झोपलेल्या माणसाचं वजन साधारण अर्ध्या चौरस मीटरवर पसरतं. तोच माणूस एका गुडघ्यावर रेलला, तर अर्धं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं. दाब वीस-पंचवीस पट होतो, मॅट तिथे पूर्ण दबते आणि कापड थेट कातळावर घासतं. मॅटवर उभं राहणं, उड्या मारणं, बाहेर खुर्चीसारखी वापरणं, हे सगळं टाळा.

ठिणगी. शेकोटीची एक ठिणगी पातळ नायलॉनला क्षणात भोक पाडते. एअर मॅट शेकोटीजवळ न्यायचीच नाही. तिथे बसायला फोमचा तुकडा बरा.

ओल आणि दमट उष्णता. एका फुगवण्यात तुमच्या श्वासातून दोन ग्रॅमच्या आत पाणी मॅटमध्ये जातं. एका रात्रीचं काही वाटत नाही, पण ते सुकलंच नाही तर आत बुरशी धरू शकते. शिवाय ओल आणि उष्णता एकत्र आली की प्लास्टिकचे थर काळाबरोबर कमकुवत होत जातात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मॅट घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकली तर पुढच्या मोसमात ती चिकट झालेली सापडू शकते. घरी आल्यावर सावलीत सुकवा आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवून, सैल घडी करून पलंगाखाली किंवा कपाटामागे ठेवा.

क्रीम आणि तेल. डीट असलेली डास पळवणारी क्रीम काही प्लास्टिकना मऊ करते. सनस्क्रीन आणि अंगाचं तेलही कापडावर साचतं. वर एक पातळ चादर टाका. मॅट धुवायची असेल तर सौम्य साबण आणि मऊ फडकं, वॉशिंग मशीन अजिबात नाही.

मॅट फुगवायची कशी?

साधारण सहा फूट लांब मॅटमध्ये पन्नासेक लिटर हवा मावते. म्हणजे वीस-पंचवीस मोठे श्वास. पुण्यात हे काहीच नाही, पण साडेतीन हजार मीटरवर दिवसभर चालून आल्यावर डोकं गरगरतं. तिथे पंप सॅक कामाला येते. ही एक हलकी पिशवी असते. तिच्यात हवा भरून तोंड गुंडाळायचं आणि दाबून हवा मॅटमध्ये ढकलायची. श्वासातली ओलही आत जात नाही.

छोटे इलेक्ट्रिक पंपही मिळतात, चार्जिंगचे. मजा येते, पण फोनसारखीच त्यांची बॅटरी थंडीत लवकर उतरते. शिवाय ते मॅट भरतात, टणक करायला शेवटच्या फुंकरा तोंडानेच माराव्या लागतात. विमानाने जात असाल तर पॉवर बँक आणि बॅटरीचा पंप केबिन बॅगेतच ठेवा.

पंक्चर कसं शोधायचं आणि काढायचं?

घरी असाल तर मॅट फुगवून व्हॉल्व्हवर आणि मग एकेका भागावर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे येतात तिथे भोक. सापडलं की लगेच पेनाने गोल करा, नाहीतर सुकल्यावर पुन्हा शोधत बसाल. ट्रेकवर असाल तर ओला केलेला गाल किंवा ओठ मॅटजवळून हळूहळू फिरवा. बारीक झुळूकही जाणवते.

दुरुस्तीचा क्रम असा:

१. हवा काढा. भोकाभोवतीची जागा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकवा. बहुतेक पॅच निघतात ते ही पायरी टाळल्यामुळे.

२. मॅटसोबत आलेला पॅच किंवा टेन्ट-मॅटसाठी मिळणारी दुरुस्तीची टेप गोल कापून लावा. कोपरे ठेवू नका, कोपऱ्यातूनच ती उचकटते.

३. सपाट जागेवर दाबून ठेवा. गोंद वापरला असेल तर पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, मगच फुगवा.

सायकलचं सोल्युशन वापरू नका. ते रबरासाठी असतं, टीपीयूवर नीट धरत नाही. फेविक्विकही नको. ते सुकल्यावर काचेसारखं कडक होतं आणि मॅट घडी केली की तडकतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फक्त सह्याद्रीत फिरतो, एअर मॅट घेऊ का?
पाठदुखी असेल किंवा कुशीवर झोपत असाल तर घ्या. नाहीतर माझं मत कॅरीमॅटच्या बाजूने आहे. कातळ, काटे, गुहेतली फरशी या सगळ्याला ती पुरून उरते.

दोन मॅट घ्यायच्या तर खाली कुठली?
फोमची खाली, हवेची वर. ऊब साधारण तीच राहते, पण एअर मॅटचं पोट वाचतं आणि रात्री पंक्चर झालीच तर खाली फोम असतोच.

मॅट किती टणक फुगवायची?
आधी टणक, मग आडवं होऊन थोडी हवा सोडा. कुशीवर झोपल्यावर कंबर जमिनीला लागत नाही एवढी हवा पुरे. आराम वाढतो आणि जोडांवरचा ताणही कमी होतो.

नवीन मॅट आल्यावर आधी काय करायचं?
मी परत करायची मुदत संपायच्या आत दोन रात्री घरच्या फरशीवर तिच्यावर झोपून बघतो. संध्याकाळी फुगवायची, खोलीचं तापमान फार बदलू द्यायचं नाही आणि सकाळी बघायचं. एका रात्रीत कंबर फरशीला लागत असेल तर आधी व्हॉल्व्ह तपासायचा, तरीही तेच झालं तर परत पाठवायची. डोंगरात पोचल्यावर परत करायचं बटण नसतं.

थोडक्यात

खरेदी करताना तीन प्रश्न विचारा. माझ्या ट्रेकला आर-व्हॅल्यू किती लागते? खालचं कापड किती डेनियरचं आहे? वॉरंटीत आतले जोड धरलेत का? जाडी आणि रंग त्यानंतर. बजेट कमी असेल तर मध्यम एअर मॅट आणि फोम एकत्र वापरा. पहिल्या पगारातून घेतलेली मॅट पाच-सात मोसम चालावी असं वाटत असेल, तर खाली शीट टाकणं, उन्हातून उचलणं आणि सुकवून ठेवणं या तीन सवयी लावून घ्या. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पुढच्या ट्रेकला निघण्याआधी तुमच्या मॅटची आर-व्हॅल्यू एकदा शोधून बघा, आणि हा लेख ग्रुपवर टाका. "कुठलीही घे रे" म्हणणाऱ्या मित्राला खास टॅग करा!